जात्याजवळची ओवी आणि स्वतःविषयीची कणव

सह्याद्रीच्या कुशीतील भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील भातशेती मोठ्या प्रमाणावर बायकांच्या कष्टांवर उभी आहे. पावसात डोक्यावर इरले घेऊन, खाचरातल्या चिखलात दिवसदिवस वाकून लावणी करणाऱ्या आणि पाण्याचे हंडे व सरपणाच्या मोळ्या वाहणाऱ्या या स्त्रिया साठी ओलांडतात, तेव्हा अनेकींच्या गुडघ्यांची आणि कमरेची दुखणी कायमची सोबतीला आलेली असतात. तरीही दुखणे अंगावर काढणे हेच सोशिकपणाचे लक्षण मानले गेल्यामुळे ‘आता माझं काय राहिलंय’ असे म्हणून औषधपाणी पुढे ढकलले जाते, आणि हातून काम होईनासे झाले की आपण घराला भार झालो ही बोच दुखण्याहून जड होते.

अशा वेळी गरज असते ती स्वतःविषयीच्या कणवेची. जिवलगाच्या दुःखात ज्या मायेने आपण वागतो, त्याच मायेने स्वतःशी वागणे याला मानसशास्त्रात ‘आत्मकरुणा’ म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिची तीन अंगे मांडली : स्वतःला दूषणे न देता ममतेने वागणे, आपले दुःख आपल्या एकटीचेच नाही हे ओळखणे, आणि दुःख न दडपता, त्यात वाहूनही न जाता, ते आहे तसे पाहणे, म्हणजेच सजगता. ‘माझ्याच वाट्याला का’ असे म्हणणारी आत्मकीव माणसाला इतरांपासून तोडते, तर आत्मकरुणा त्याला इतरांशी जोडते, हा दोहोंतील महत्त्वाचा फरक आहे.

अ‍ॅलन, लिअरी आणि सहकाऱ्यांनी ६७ ते ९० वर्षे वयाच्या व्यक्तींचा केलेला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे विशेष बोलका ठरतो. प्रकृती धडधाकट असणारे बहुतेक जण आत्मकरुणा कमी असो वा अधिक, समाधानी आढळले. परंतु प्रकृती ढासळलेल्यांत ज्यांची स्वतःविषयीची कणव अधिक, त्यांचे समाधानही अधिक होते, आणि आधाराची साधने वापरण्याचा सल त्यांना कमी होता. हातात काठी घेणे म्हणजे हार पत्करणे नव्हे, हे मनाला पटण्याशी आत्मकरुणेचा असा संबंध दिसतो.

आत्मकरुणेची ही कल्पना मराठी स्त्रीला परकी नाही. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागासह महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. पहाटे दळताना स्त्री जात्यालाच देव मानून त्याच्याजवळ मन मोकळे करी, सासुरवास, कष्ट आणि माहेरची ओढ यांना शब्द देई, आणि समोर दुसरा खुंटा धरणाऱ्या बाईला त्यात आपलेही दुःख ऐकू येई. दुःख ओळखणे आणि ते वाटून घेणे, ही दोन्ही अंगे त्या रीतीत होतीच. गावोगावी गिरण्या आल्या, मनगटांचे कष्ट वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मन हलके करण्याची ती हक्काची जागाही हरवली.

ती जागा आज बचत गटांच्या बैठकीत आणि भजनी मंडळांत पुन्हा उभी करता येईल, आणि ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी भोर-वेल्हे परिसरात स्त्रियांचे गट बांधलेले असल्याने तिची पायाभरणी आधीच झालेली आहे. बैठकीत प्रत्येकीला एकच प्रश्न विचारता येईल : तुझ्याऐवजी शेजारणीचा गुडघा दुखत असता, तर तू तिला काय सांगितले असतेस? ‘जरा टेक, काठी घे, उद्या दवाखान्यात जाऊन ये’ असेच उत्तर बहुतेक वेळा येईल. दवाखान्यात जायला पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ पासून एसटीचा प्रवासही मोफत आहे. तेव्हा शेजारणीसाठी सुचलेला हा सल्ला प्रत्येकीने स्वतःसाठी मानून दुसऱ्या दिवशीची एसटी धरली, तर ती स्वतःवर केलेली खरी माया ठरेल.