विश्लेषण : गेम चांगला, पण बटणच सापडेना! छोट्या चमूसाठी इंटरफेस इतका महत्त्वाचा का?

चार-पाच जणांचा चमू वर्ष-दोन वर्षे राबून मोबाइल गेम तयार करतो. समजा, तो नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यात एका मुलाने स्वस्त मोबाइलवर उघडला. उन्हात पडदा नीट दिसत नाही, बटणांवरची अक्षरे बारीक आणि इंग्रजी, नेटवर्क येऊन-जाऊन. पुढे काय करायचे हेच कळले नाही, तर तो गेम काढून टाकणार. मोठी कंपनी जाहिरात करून नवे खेळाडू मिळवते; छोट्या चमूकडे तेवढा पैसा नसतो. म्हणूनच त्याच्यासाठी इंटरफेस ही शेवटी करायची रंगरंगोटी नव्हे.

इंटरफेस म्हणजे नेमके काय?

मेन्यू, बटणे, उरलेली शक्ती दाखवणारी पट्टी, गुण, नकाशा, सूचना, आवाज हे सारे इंटरफेसमध्ये येते. मी कुठे आहे, आता काय करता येईल आणि जे केले त्याचे काय झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळायला हवीत. त्यासाठी पडदा पट्ट्यांनी भरण्याची गरज नसते. 2008 मधील ‘डेड स्पेस’ या गेममध्ये नायकाची उरलेली शक्ती त्याच्या पोशाखाच्या पाठीवरच दिसते. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने 2020 मध्ये आणलेल्या ‘राजी’ या गेममध्ये पुराणकथांचा काही भाग भिंतींवरील चित्रांतून उलगडतो.

महाराष्ट्रातील कोणते उदाहरण बोलके आहे?

नवी मुंबईच्या ‘गेमशन’ कंपनीचा 2016 मधील ‘लुडो किंग’. घराघरांत माहीत असलेला लुडोचा पट हाच त्याचा मुख्य पडदा. संगणकाशी, ऑनलाइन, मित्रांशी की एकाच मोबाइलवर सगळ्यांनी मिळून खेळायचे, हे सुरुवातीलाच निवडता येते. एकाच मोबाइलवर खेळताना इंटरनेट लागत नाही. दूरच्या मित्राला फक्त खोलीचा कोड पाठवायचा. 2020 च्या टाळेबंदीत हा खेळ प्रचंड लोकप्रिय झाला. नियम ओळखीचे आणि वाट सोपी असल्याने आजी-आजोबाही त्यात सहज सामील होऊ शकत होते.

मराठीत इंटरफेस करताना अडते कुठे?

देवनागरी जुळवताना. ‘युनिटी’ या इंजिनातील ‘टेक्स्टमेश प्रो’ ही प्रचलित मजकूर-प्रणाली जोडाक्षरे आपोआप जुळवत नाही. परिणामी ‘किल्ला’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘क’च्या नंतर उमटते आणि ‘ल्ल’ सुटा होऊन पाय मोडलेला दिसतो. त्यावर वेगळी जोडणी करावी लागते. 2023 मध्ये आलेल्या ‘गोडो’च्या चौथ्या आवृत्तीत अशा लिप्यांची सोय अंगभूत आहे. त्यामुळे इंजिन निवडण्याआधीच मराठीचे एक वाक्य त्यात उमटवून पाहावे. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट मोफत वापरता येतो. वर मात्रा आणि खाली उकार असल्याने दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते.

छोट्या चमूने सुरुवात कशी करावी?

कागद-पेन्सिलने. सर्व पडद्यांची यादी करावी आणि प्रत्येक पडद्यावर एकच मुख्य काम ठेवावे. गूगलच्या मार्गदर्शनानुसार स्पर्शाचे बटण सुमारे 9 मिलिमीटरचे असावे. लाल-हिरवा भेद सर्वांना दिसत नाही, म्हणून रंगासोबत आकारही वेगळा द्यावा. बटणे आणि चौकटींचा एकच संच सगळीकडे वापरला की वेळही वाचतो आणि खेळाडूला पुन्हा शिकावे लागत नाही.

चाचणी कधी आणि कोणावर?

चित्रे पूर्ण होण्याआधीच आणि गेम कधीही न पाहिलेल्यांवर. पाच जणांना खेळताना पाहिले तरी बहुतेक मोठे दोष कळतात, असे इंटरफेसचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 मध्ये मांडले होते. अट एकच, पाहणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही. बोट कुठे अडखळते, तेवढे टिपायचे. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबारच्या लोकसंख्येत सुमारे 69 टक्के आदिवासी आहेत. अनेक घरांत भिली बोली बोलल्या जातात, मराठी शाळेत भेटते. तिथे केवळ शब्दांवर विसंबून चालणार नाही. चित्र आणि आवाजाची जोड हवी. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात महागड्या मोबाइलवर झालेल्या चाचणीत ही गरज लक्षात येणार नाही. धानोऱ्यातील मुलाने कोणाला न विचारता पहिला डाव पूर्ण केला, तर इंटरफेस जमला असे समजावे.