एकाच चिखलात इतके पक्षी जेवतात कसे?

अन्नसाखळी शिकवताना आपण फळ्यावर बाण काढतो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप. मुलं पाठ करतात. पण "एकाच जागी शेकडो पक्षी असले तर भांडत नाहीत का?" असं कुणी विचारलं की बाण पुरत नाहीत.

आपल्या भिवंडीकरांना उत्तर शोधायला फार लांब जायला नको. ठाण्याला जाताना काशेळीच्या पुलावरून ओहोटीला खाडीकडेचा चिखल उघडा पडलेला दिसतो. पक्षी मोठ्या संख्येने पाहायचे तर ऐरोलीला, ठाणे खाडीवर जावं. हे अभयारण्य 2015 साली जाहीर झालं आणि 2022 मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आलं. लोक जातात ते फ्लेमिंगो पाहायला. पण खरा धडा त्यांच्या पायाशी धावणाऱ्या मातकट, लहान पक्ष्यांत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरपासून ते येऊ लागतात, काही तर थेट सायबेरियाच्या टुंड्रातून!

चोच बघा. छोटा टिलवा चिमणीएवढा, चोच जेमतेम दोन सेंटिमीटर. तो वरच्या थरातलं बारीकसारीक टिपतो. पाणटिवळ्याची चोच साधारण दहा सेंटिमीटर, म्हणून पोटापर्यंत पाण्यात उभं राहून तो खोलातले किडे काढतो. कोरलची (इंग्रजीतला कर्ल्यू) चोच लांब आणि खाली वाकलेली. ती खेकड्याच्या बिळात सहज शिरते. त्यातही मादीची चोच नरापेक्षा लांब, म्हणजे नवराबायकोतसुद्धा थोडी वाटणी झालीच!

चोचीइतकीच पद्धतही वेगळी. चिखल्याची चोच आखूड, डोळे मोठे. तो धावतो, थबकतो, हालचाल दिसली की टिपतो. टिलव्याच्या जातभाईंच्या चोचीच्या टोकाला स्पर्श ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे न दिसणारं भक्ष्यही त्यांना कळतं. म्हणूनच ते शिलाई मशीनच्या सुईसारखे चिखल टोचत राहतात.

पण "प्रत्येकाचं ताट वेगळं" इतकं सोपं करून मुलांना सांगू नका. अन्न भरपूर असलं की सगळे तेच खातात. टंचाई आली की फरक उपयोगी पडतो. हे वर्गात करून बघता येतं: ओल्या मातीच्या परातीत वरती मटकी, खोल राजमा पुरा, कुणाला आखूड चिमटा द्या, कुणाला लांब. दाणे मुबलक असताना भांडण होत नाही. मग दाणे कमी करा.

वेळेचीही वाटणी आहे. पाणी ओसरेल तसे पक्षी त्याच्या कडेने पुढे सरकतात. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, त्यामुळे बरेचसे रात्रीही चरतात. भरतीला चिखल बुडाला की सगळ्या जाती एकत्र मिठागरं, मोकळी पाणथळ जागा अशा ठिकाणी विसावतात. इथेच मेख आहे. चिखल शाबूत ठेवला पण विसाव्याच्या जागेवर भराव पडला, तर पक्ष्यांना दूर उडत जावं लागतं. परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी त्यातच खर्च होते. आपल्याकडे सखल जमीन म्हटली की आधी गोदाम आठवतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

सहल काढणार असाल तर भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चिखल सर्वांत जास्त उघडा पडतो, पण पक्षीही दूर पांगतात. पाणी चढू लागतं तेव्हा ते काठाकडे येतात, तीच वेळ गाठा. एक दुर्बीण पाच मुलांत पुरते.