ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील

कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला. वीज नसलेल्या महाराष्ट्राला त्याने दिलेली मोठी देणगी म्हणजे प्रभाकर कंदील. विदेशी कंदिलांच्या बाजारात हा स्वदेशी कंदील घरोघरी पोहोचला.

त्याची रचना देखणी आणि नेमकी. तळाशी रॉकेलची टाकी, त्यावर वात, भोवती फुगीर काच. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या नळ्यांतून ज्योतीला हवा मिळते, म्हणून वाऱ्यातही ती टिकते. चावी फिरवली की वात खालीवर होते. काजळी धरलेली काच संध्याकाळी राखेने लख्ख पुसली जाई.

दिव्याच्या रचनेचा प्रश्न सगळीकडे सारखा नव्हता. डेन्मार्कमध्ये रचनाकार पॉल हेनिंगसेन यांनी १९२०च्या दशकात विजेच्या दिव्याचा झगमगाट थरांच्या आवरणांआड झाकला. प्रभाकर कंदिलापुढे मूळ प्रश्न ज्योत वाऱ्यापासून जपण्याचा होता.