गिझर ‘डायरेक्ट’ करताय? थांबा!

नागभीडची जानेवारीतली थंडी, कॉलेजची घाई आणि रूमवरच्या गिझरचं पाणी थंडगार! ‘थर्मोस्टॅट काढ, वायर डायरेक्ट जोड,’ असं कुणीतरी सांगतोच. आमच्याही रूमवर तेच ठरलं होतं. नका करू! थर्मोस्टॅट पाणी तापलं की वीज तोडतो. तो अडकला तर कटआउट तोडतो. दोन्ही वगळले तर पाणी उकळत राहतं, दाब वाढतो आणि टाकी फुटूही शकते.

पॉवरचा दिवा लागतो, हीटिंगचा नाही? मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. कटआउट उडाला असेल तर तो बटण दाबून पाहील. पुन्हा उडाला तर बहुधा थर्मोस्टॅटच गेलाय. नवा आणताना जुना सोबत न्या. दांडीची लांबी, अँपिअर जुळायला हवेत. तोवर घरमालकीण काकूंच्या चुलीवरचा गंज आहेच.