टोचली जाणारी कोंबडी : क्रम, छळ आणि आपली जबाबदारी

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञानाच्या माणसानं कोंबड्यांवर काय बोलायचं? पण ज्यांच्या परसात पाच-दहा कोंबड्या आहेत, त्यांना हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. एका कोंबडीला बाकीच्या टोचतात, दाण्याजवळ येऊ देत नाहीत, ती दिवसभर कोपऱ्यात अंग चोरून उभी असते. आपण मध्ये पडायला गेलो की घरातलं कुणीतरी म्हणतं, "अहो, त्यांची जातच तशी. निसर्ग आहे तो, चालू द्या." हे म्हणणं बरोबर आहे का, आणि मध्ये पडायचंच तर कसं, हे आज आपण पाहू.

आधी निसर्ग काय आहे ते समजून घेऊ. थॉर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे नावाचे एक नॉर्वेजियन अभ्यासक होते. लहानपणापासून त्यांना कोंबड्या न्याहाळायचा नाद. कोण कोणाला टोचतं याच्या त्यांनी नोंदी ठेवल्या आणि 1922 साली जर्मन भाषेत निबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं ते असं, की कळपात प्रत्येक जोडीचा एक निकाल लागलेला असतो. ही तिला टोचते, ती उलट टोचत नाही. गंमत म्हणजे हा क्रम नेहमी सरळ शिडीसारखा नसतो. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी पुन्हा पहिलीला, असे त्रिकोणही त्यांना दिसले. म्हणजे 'बळी तो कान पिळी' एवढ्यावर हे संपत नाही.

आता एक भेद नीट लक्षात घेऊ. क्रम वेगळा आणि छळ वेगळा. क्रम ठरला की खरं तर भांडणं कमी होतात. वरच्या कोंबडीनं नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला होते. छळ केव्हा म्हणायचा? खालची बाजूला झाली तरी तिचा पाठलाग होतो, रक्त निघतं, तिला दाणा-पाणी मिळत नाही, तेव्हा. क्रम आपण मोडू शकत नाही, मोडूही नये. छळ मात्र थांबवता येतो.

"निसर्ग आहे, चालू द्या" या वाक्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. 18व्या शतकातल्या डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं दाखवून दिलं, की 'असं आहे' एवढ्यावरून 'असंच असावं' हे आपोआप निघत नाही. शिवाय इथे 'असं आहे' हेसुद्धा अर्धंच खरं. आपल्या कोंबडीचे पूर्वज म्हणजे मुख्यतः तांबडी रानकोंबडी. रानात हरलेली कोंबडी जाळीत पळून जाते, विषय संपतो. आपल्या खुराड्यात ती पळणार कुठे? टोचणं निसर्गाचं असेल, पण भिंत आपली आहे. दाण्याचं एकच भांडं आपण ठेवलं. गावरान तलंगांत थोराड गिरिराज आपण आणून सोडल्या. म्हणून जबाबदारीही आपली.

तर करायचं काय? पहिलं म्हणजे निदान. पिसं गेली म्हणजे टोचलंच, असं नाही. वर्षातून एकदा पिसं झडून नवी येतात. तेव्हा ती अंगभर विरळ होतात. कोंबडा फार चढत असेल तर पाठीवरची जातात. उवा-पिसवांचा त्रास असेल तर पिसांच्या बुडाशी पाहिल्यावर कळतं. टोचण्याच्या खुणा बहुधा डोक्याच्या मागे, तुऱ्यावर आणि शेपटीच्या बुडाशी दिसतात. ती आजारी तर नाही ना, हेही पाहायचं, कारण मलूल कोंबडीला बाकीच्या लगेच हेरतात.

रक्त दिसलं तर मात्र विचार करत बसायचं नाही. लाल रंगाकडे कोंबड्या ओढल्या जातात, एकीनं सुरुवात केली की सगळ्या तुटून पडतात आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. तिला उचलायचं, जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायची, माशा बसू द्यायच्या नाहीत. जखम खोल असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं. पण तिला पार नजरेआड ठेवू नका. डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशाला, बाकीच्यांना दिसेल पण चोच पोहोचणार नाही अशी ठेवा. काही आठवडे दिसली नाही, तर परतल्यावर ती कळपाला परकी ठरते आणि सगळे निकाल पुन्हा लागतात.

जखम नसेल आणि त्रास देणारी एकच असेल, तर दुबळीला हलवण्याऐवजी त्या दांडगीला तीन-चार दिवस वेगळं ठेवा. तेवढ्यात बाकीच्यांची घडी नव्यानं बसते, आणि परत आलेली दांडगी बरेचदा नरमलेली असते. शिक्षा कोणाला आणि निर्वासन कोणाला, हा प्रश्न माणसांच्या शाळेतही असाच असतो, नाही का?

यानंतर मूळ कारणाकडे वळू. दाण्याची आणि पाण्याची दोन-तीन भांडी, एकावरून दुसरं दिसणार नाही अशी. रात्री बसायच्या दांडीवर प्रत्येकीला वीतभर जागा. खुराड्यात दर कोंबडीला साधारण चार चौरस फूट, आणि बाहेर याच्या दुप्पट तरी. आडोशाला एखादी फळी, जुनी टोपली, जिच्यामागे लपता येईल. पालेभाजीची जुडी उंचावर टांगली की चोचीला उद्योग मिळतो. नुसत्या कणीवर ठेवलेल्या कोंबड्यांना प्रथिनं कमी पडतात, त्यानंही पिसं उपटायची सवय लागते.

मोठ्या पोल्ट्रीत यावर चोचीचं टोक कापतात. त्या टोकात मज्जातंतू असतात, वेदना होते. व्यवस्थेतला दोष पक्ष्याच्या अंगावर ढकलायचा हा प्रकार. परसात त्याची गरज नाही.

बरी झालेली कोंबडी परत सोडायची ती अंधार पडल्यावर, सगळ्या दांडीवर बसल्यानंतर. अंधारात त्यांना नीट दिसत नाही, भांडण होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आपण हजर राहायचं. शक्य असेल तर तिला एका सोबतिणीसह सोडावं. इतकं करूनही जमलं नाही, तर तिला दुसऱ्या शांत कळपात द्यावं; त्यात कमीपणा काही नाही.

मग आपलं यश मोजायचं कशानं? सगळ्या समान झाल्या, यानं नाही. तसं होणार नाही. रात्री दांडीवर बसल्यावर सगळ्यात खालच्या क्रमाच्या कोंबडीच्या गळ्याखाली, छातीच्या वर, हलकेच बोटं लावून पाहा. तिथली दाण्याची पिशवी टच्च भरलेली असेल, तर तिला दिवसभरात खायला मिळालं. पिशवी रिकामी असेल, तर उद्या अजून एक भांडं लावायचं.