स्कीच्या बुटावरचा आकडा आणि आपला गुडघा

स्कीइंगचे बूट भाड्याने घेताना बहुतेक जण पायाचा नंबर सांगून मोकळे होतात. दुकानदाराने वजन विचारलं तर थोडं ओशाळायला होतं आणि चार-पाच किलो कमी करून सांगितलं जातं. गुलमर्ग असो, औली असो की स्वित्झर्लंडची सहल, हा संकोच महागात पडू शकतो. बूट पडताना स्कीपासून किती जोरावर सुटावा, हे बाइंडिंगवर ठरवताना वजन लागतंच; पण बूट किती कडक असावा हेदेखील मोठ्या प्रमाणात वजनावरच ठरतं.

स्कीचा बूट म्हणजे जाड प्लास्टिकचे दोन भाग. खालचा भाग पाऊल धरतो, वरचा नडगी आणि पोटरीला वेढतो आणि दोन्ही घोट्यापाशी जोडलेले असतात. नडगी पुढे रेटली की बूट थोडा वाकतो. तो किती सहज वाकतो, त्याला ‘फ्लेक्स’ म्हणतात. मोठ्यांच्या बुटावर हा आकडा साधारण ५० ते १३० असतो आणि शर्यतीच्या बुटांवर त्याहूनही वर जातो. आकडा जितका मोठा, तितका बूट कडक.

बूट वाकायला का हवा, हे समजायला स्कूटरचे शॉकअप आठवावेत. फार कडक असले तर प्रत्येक खड्डा कंबरेला जाणवतो. फार मऊ असले तर मागे कोणी बसताच ते तळाला टेकतात. स्कीच्या बुटाचंही तसंच आहे. वळताना स्कीअर नडगीने बुटाची जीभ दाबतो, तो दाब स्कीच्या पुढच्या टोकाकडे जातो, टोक बर्फात रुततं आणि स्की वळू लागते. हा दाब येतो शरीराच्या वजनातून. ५५ किलोच्या माणसाला जो बूट लोखंडी वाटेल, तोच ९० किलोच्या माणसाच्या पायात पुठ्ठ्यासारखा दुमडेल. उंच माणसाची तरफही लांब असते, त्यामुळे वजन सारखं असलं तरी त्याचा दाब जास्त पडतो.

चुकीच्या कडकपणाचा खरा त्रास गुडघ्याला होतो. बूट गरजेपेक्षा कडक असेल तर घोटा वाकत नाही. नवशिका मग फक्त गुडघे वाकवतो, बसका मागे जातो आणि तो अदृश्य खुर्चीत बसल्यासारखा उतरू लागतो. स्कीची टोकं हलकी होतात, वळण हाताबाहेर जातं, मांड्या अर्ध्या तासात पेटतात. तोल असा मागे गेलेला असताना मांडीचा स्नायू नडगीचं हाड पुढे खेचतो आणि उडी घेऊन मागच्या अंगाला पडल्यास बुटाची कडक पाठही त्या हाडाला पुढे ढकलते. हे हाड पुढे सरकू नये म्हणून गुडघ्यात जी दोरी असते, तीच ‘एसीएल’. ती तुटली तर अनेकदा शस्त्रक्रिया आणि महिनोन्‌महिने व्यायाम, हे अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

याला थोडा इतिहास आहे. पूर्वी स्कीचे बूट चामड्याचे आणि बुटके असत, तेव्हा घोटे आणि नडग्या मोडत. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या बॉब लँग यांनी प्लास्टिकचे बूट बाजारात आणले. बूट उंच झाले, बाइंडिंग सुधारले, मोडणाऱ्या नडग्या पुष्कळ कमी झाल्या. गुडघ्याच्या दुखापती मात्र तशा कमी झाल्या नाहीत. अर्थात मऊ बूट घेतला की गुडघा सुरक्षित, असाही अर्थ काढू नये. फार मऊ बूट वेगात असताना अचानक दुमडतो, स्कीअर पुढे फेकला जातो आणि नडगी जिभेवर आपटून काळीनिळी होते.

मग आकडा कोणता? ढोबळमानाने, नवशिक्या पुरुषांसाठी ६० ते ९०, बऱ्यापैकी सराव असलेल्यांसाठी ९० ते ११०, त्यापुढे वेगाने आणि तीव्र उतारावर जाणाऱ्यांसाठी. स्त्रियांसाठी हीच पट्टी साधारण वीसने खाली धरतात. त्याचं कारण सरासरी वजन. शिवाय अनेक स्त्रियांची पोटरी खालपर्यंत उतरलेली असते, म्हणून त्यांच्या बुटाचा वरचा भाग बुटका ठेवतात. स्त्री वजनाने भारी आणि स्कीत तरबेज असेल तर ‘लेडीज’ शब्दाकडे बघून मऊ बूट घेण्याचं काहीच कारण नाही. आपल्या पट्टीत वजन जास्त असेल तर वरच्या टोकाला, कमी असेल तर खालच्या टोकाला जावं.

हा आकडा म्हणजे किलो किंवा सेंटिमीटरसारखं माप नाही. सर्व कंपन्यांना बांधणारं फ्लेक्सचं प्रमाणच नाही. एकाचा १०० दुसऱ्याच्या ९० इतका निघू शकतो. त्यातच प्लास्टिक थंडीत कडक होतं. उबदार दुकानात छान वाकणारा बूट उणे दहा अंशांत हट्टी होतो.

म्हणून बूट घालूनच पारखावा. एकच पातळ मोजा, बकलं लावलेली. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत आणि घोटा वाकवून नडगी रेटली की ती किंचित मागे यावीत, टाच मात्र उचलता कामा नये. जोर लावूनही बूट हलत नसेल तर तो कडक. सहज कोसळत असेल तर मऊ. उकिडवं बसताना ज्यांच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत, त्यांचा घोटा मुळातच कमी वाकतो. त्यांनी हे बूट बसवून देणाऱ्या जाणकाराला आधी सांगावं. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या घट्ट बुटांत पाय घालू नये; बूट लागतोय हेच त्यांना कळत नाही.

मुलांच्या बाबतीत शाळेच्या बुटांची सवय नडते. ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून एक नंबर मोठा बूट घेतला की पाऊल आत सरकतं आणि फ्लेक्स कोणताही असो, स्की पोराचं ऐकत नाही. मुलांना मऊ आणि मापाचाच बूट हवा.

भाड्याचा बूट कडक वाटला तर वरची बकलं सैल सोडण्याची युक्ती बरेच जण करतात. त्याने बूट मऊ होत नाही, नुसती पोकळी तयार होते आणि नडगी प्रत्येक वळणाला तिथे आपटते. बूट बदलून मागावा. विकतच्या बुटात मात्र सोय असते: अनेक बुटांच्या पाठीवरचा एखादा स्क्रू काढून कारागीर तो थोडा मऊ करून देतो. मऊ बूट कडक करून घेणं त्या मानाने फार अवघड.