संयोजी ऊतींचे विकार (लेखांक ६) : साथीतला ल्युपस आणि एका गोळीचा तुटवडा

संयोजी ऊती म्हणजे त्वचा, सांधे, रक्तवाहिन्या आणि आतील इंद्रिये यांना आधार देणाऱ्या व एकमेकांशी जोडून ठेवणाऱ्या ऊती होत. मागील लेखांकांत पाहिल्याप्रमाणे मार्फान किंवा एहलर्स-डॅन्लोस या विकारांत अशा ऊतींच्या घडणीतच आनुवंशिक दोष असतो, तर ल्युपस, स्क्लेरोडर्मा यांसारख्या विकारांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. कोविडच्या साथीच्या पहिल्या काही महिन्यांत नेहमीच्या औषधालाच मुकण्याची वेळ आली ती या दुसऱ्या गटातील, विशेषतः ल्युपसच्या, रुग्णांवर.

ल्युपसच्या उपचाराचा पाया म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. मूळचे हिवतापावरचे हे औषध पेशींतील लयकारिकांमधील, म्हणजे टाकाऊ द्रव्ये पचवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांमधील, आम्लता कमी करते, आणि त्यामुळे शरीराचेच अंश परके समजून त्यांच्यावर तुटून पडण्याची प्रतिकारयंत्रणेची प्रवृत्ती मंदावते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत, रोग आटोक्यात असलेल्या ज्या रुग्णांचे हे औषध थांबवण्यात आले, त्यांच्यात रोग पुन्हा उसळण्याचा धोका औषध चालू ठेवलेल्यांच्या अडीचपट आढळला. मात्र औषधाचा अर्धा अंश शरीराबाहेर पडायलाच सुमारे चाळीस दिवस लागत असल्यामुळे गोळी बंद झाल्याचा परिणाम पहिल्या आठवड्यात सहसा जाणवत नाही. पुढे केव्हातरी चेहऱ्यावर चट्टे उठतात, सांधे धरतात किंवा लघवीला फेस येऊन मूत्रपिंडाला सूज आल्याचे कळते, आणि तोवर त्याचा संबंध औषध न मिळाल्याशी जोडायला कोणी उरलेले नसते. तुटवड्याची ही झळ कोणत्याही दैनंदिन आकडेवारीत दिसली नाही, याचे एक कारण हेच आहे.

मार्च २०२० मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील दिदिए राऊल यांच्या गटाने हे औषध कोविडवर गुणकारी असल्याचा दावा करणारी, अवघ्या ३६ रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली, अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांचा जाहीर गाजावाजा केला, आणि २३ मार्चला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची आरोग्यसेवकांनी व रुग्णांच्या घरातील संपर्कितांनी प्रतिबंधक म्हणून हे औषध घ्यावे अशी शिफारस आली. आरोग्यसेवकासाठी सुचवलेली मात्रा पहिल्या दिवशी ८०० मिलिग्रॅम आणि नंतर सात आठवडे दर आठवड्याला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या एकूण अठरा गोळ्या, अशी होती. रोज ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्या ल्युपसच्या रुग्णाला तेवढ्या गोळ्या नऊ दिवस पुरतात, त्यामुळे शिफारशीतील मागणी एकेका माणसापुरती किरकोळ होती. साठा आटला तो शिफारशीत न बसणाऱ्या धडधाकट लोकांनी घरात पट्ट्याच्या पट्ट्या भरून ठेवल्यामुळे. मुंबईची इप्का आणि अहमदाबादची झायडस कॅडिला हे या औषधाचे मोठे उत्पादक याच देशातले, तरीही येथल्या दुकानांत ते मिळेना, ही या प्रकरणातील विसंगती. अमेरिकेत तर एका मोठ्या आरोग्यसंस्थेने औषध न देता ल्युपसच्या रुग्णांचे त्यांच्या त्यागाबद्दल पत्राने आभार मानले. त्याग करणाऱ्यांची संमती मात्र कोणी विचारली नव्हती.

२५ मार्च हा दिवस भारतातील रुग्णांच्या दृष्टीने विलक्षण ठरला, कारण त्याच दिवशी टाळेबंदी सुरू झाली, औषधाची निर्यात रोखली गेली आणि दूरवैद्यकाची, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी केंद्राने हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची किरकोळ विक्री एच-१ परिशिष्टाच्या अटींखाली आणली. या अटींनुसार औषधविक्रेत्याला डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत नोंदवून ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते. साठेबाजीला आळा घालणारा हा नियम योग्यच होता, परंतु ज्या रुग्णाच्या हाती सहा महिन्यांपूर्वीची चुरगळलेली चिठ्ठी होती, ज्याचे रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवल्यामुळे बाह्यरुग्ण विभाग बंद होता आणि ज्याचा संधिवाततज्ज्ञ पुण्या-मुंबईत असताना एसटी व रेल्वे दोन्ही थांबल्या होत्या, त्याच्यासाठी ती वही एक भिंतच झाली. या भिंतीत दार पाडले ते दूरवैद्यकाच्या तत्त्वांनी, कारण डॉक्टरने फोनवर तपासून पाठवलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र त्यांमुळे ग्राह्य ठरले.

उरलेली उणीव रुग्णांनी आपापसांत भरून काढली. कोणत्या दुकानात पट्ट्या आल्या, कोणाकडे महिन्याभराच्या जादा गोळ्या आहेत, याची देवाणघेवाण व्हॉट्सॲपवरील गटांत चाले, आणि स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये, कारण दीर्घकाळ बाहेरून मिळाल्यावर अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे संप्रेरक पुरेसे बनवीनाशा होतात, ही जिवावरची सूचनाही तेथे पुन्हा पुन्हा सांगावी लागे. अशा गटांना एक मर्यादा होती : ताप, धाप आणि रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची घट ही लक्षणे कोविडमध्ये दिसतात तशीच ल्युपसच्या उसळीतही दिसतात, आणि त्यांतला फरक तपासणीवाचून कोणालाही सांगता येत नाही.

औषधाच्या दाव्याचा निकाल जूनमध्ये लागला. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत हे औषध दिलेल्या १,५६१ रुग्णांची नेहमीचे उपचार मिळालेल्या ३,१५५ रुग्णांशी तुलना केल्यावर मृत्यूंत घट आढळली नाही, आणि १५ जूनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आणीबाणीच्या वापराची परवानगी मागे घेतली. संधिवाततज्ज्ञांनी मार्चमध्येच उभारलेल्या जागतिक नोंदवहीतील ४० देशांच्या ६०० रुग्णांच्या विश्लेषणातही, आधीपासून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेणाऱ्यांना रुग्णालयात दाखल होण्यापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. उलट रोज १० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड घेणाऱ्यांत दाखल होण्याचे प्रमाण अधिक होते.

लस आल्यावरही रुग्णांची पंचाईत संपली नाही. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वर्षांच्या सहव्याधीग्रस्तांना लस खुली झाली आणि त्या यादीत दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांचा समावेश होता, हे स्वागतार्हच. परंतु ल्युपस बहुतांशी पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या स्त्रियांना गाठतो, त्यामुळे यादीत रोगाला जागा मिळूनही बऱ्याच रुग्णांना वयाच्या अटीमुळे १ मेपर्यंत थांबावे लागले, आणि त्या दोन महिन्यांतच महाराष्ट्रात दुसरी लाट चढली होती.

(क्रमशः)